समोरच्या घरातलं मूल

२१ मार्च २०२३, मंगळवार. जुन्या पेन्शनचा संप आदल्या दिवशी मिटला होता आणि आठवड्याने मी शाळेचं कुलूप काढत होतो. महाड तालुक्यातली वाडीवरची जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट तेवीस. व्हरांड्यात पारव्यांनी घाण करून ठेवलेली. झाडू मारून होतोय तोवर तिसरीतली एक मुलगी दप्तर सावरत पुढ्यात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, तुम्ही संपावर गेलेलात ना? मग मिळालं का?"

मी म्हटलं, "सरकारने समिती नेमली आहे."

"म्हणजे नाय मिळालं," ती म्हणाली आणि वर्गात जाऊन बसली.

हसू आलं, पण ते टिकलं नाही. परिपाठ झाल्यावर चौथीतल्या एका मुलाने विचारलं की पेन्शन म्हणजे काय. म्हातारपणी, काम सुटल्यावर दर महिन्याला मिळणारे पैसे, असं सोपं करून सांगितलं. २००५ च्या नोव्हेंबरपासून लागलेल्या शिक्षकांना ती जुन्या पद्धतीने मिळत नाही; मला आहे, पण शेजारच्या वर्गावरच्या सरांना नाही, म्हणून आम्ही सगळे बसलो होतो, असंही सांगितलं. पोरगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझा बाबा कंपनीत जातो. त्याला भेटेल का?"

बाबा एमआयडीसीत ठेकेदाराकडे. मी म्हटलं, नाही. त्यावर तो काहीच बोलला नाही, आणि मलाही पुढे काही बोलवलं नाही. संपाच्या आठवड्यात त्याच्या आईने माझ्या सहकाऱ्याला रस्त्यात गाठून सुनावलं होतं, "तुमचा संप झाला, पोरांची खिचडी बुडाली." ते दोघांनाही आठवत होतं.

प्राथमिक शाळेत चळवळी, आंदोलनं, मोर्चे यांचा विषय असावा की नसावा, यावर हल्ली बरेच जण हिरिरीने बोलतात. मी आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहू शकतो. माझं मत त्या मंगळवारी पक्कं झालं. असावा. पण वर्गात एक मूल नेहमी समोरच्या घरातलं बसलेलं असतं, ज्याच्या घरात त्या चळवळीकडे पलीकडच्या काठावरून पाहिलं गेलं आहे, हे धरून तो पाठ लिहिला पाहिजे आणि शिकवला पाहिजे. त्या मुलाला मान खाली घालून बसावं लागणार असेल तर पाठ फसला. आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून खोटं सांगितलं तर जास्तच फसला.

"शाळेत राजकारण आणू नका" हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो. म्हणणारे मतदानासाठी मात्र शाळेतच येतात. आदल्या दिवशी बाकं भिंतीला लागतात, पुढाऱ्यांच्या तसबिरी झाकल्या जातात, अ-अननसाच्या तक्त्याखाली मतदान यंत्र बसतं. दुसऱ्या दिवशी मुलं आपल्या आयांच्या बोटांवरच्या शाईची गोष्ट करत येतात. एकदा कोणा मोठ्या पाहुण्यांच्या स्वागताला आमची मुलं हातात कागदी झेंडे देऊन रस्त्याच्या कडेला उभी केली होती. गाड्या दोन तास उशिरा आल्या, थांबल्या नाहीत, आणि दुसरीतली एक मुलगी उन्हाने चक्कर येऊन पडली. त्या दिवशी कोणालाही शाळेत राजकारण आल्यासारखं वाटलं नाही.

तर राजकारण शाळेत आहेच. चळवळीही आहेत. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी काय आहे? ज्या फेऱ्यांवर इंग्रजांनी लाठ्या चालवल्या त्यांचीच ती नक्कल, आता पोलीस पाटील पुढे चालतात एवढाच फरक. एक मे रोजी आम्ही झेंडा लावतो, कारण १९५५-५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर माणसं मेली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, जानेवारीत पुन्हा झाला. हुतात्म्यांचा आकडा कुणी १०५ सांगतं, कुणी १०६, कुणी १०७. गोळ्या चालल्या तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते, म्हणजे स्वतः स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला माणूस. मुलांच्या भाषणांत हुतात्मे येतात, गोळीबारही येतो. गोळ्या झाडणारं सरकार आपलंच होतं, हे येत नाही.

आमच्या पुस्तकांची खोड इथेच आहे. व्याकरणाच्या तासाला आम्ही शिकवतो की कर्ता शोधायचा असेल तर क्रियापदाला 'कोण' असा प्रश्न विचारा. मग इतिहासाच्या तासाला 'त्यांना पाणी भरू दिले जात नसे', 'त्यांच्यावर अन्याय होत असे', 'आंदोलन दडपण्यात आले' असली वाक्यं येतात. विचारा बरं 'कोण'? सगळी क्रियापदं बिनधन्याची. चौथीतल्या मुलाला हे व्याकरण माहीत नसतं, पण प्रश्न बरोबर पडतो.

मला तो प्रश्न चवदार तळ्यावर पडला. म्हणजे मला विचारला गेला. महाड आमच्यापासून एसटीने पाऊण तास, त्यामुळे एका वर्षी तिसरी-चौथीची मुलं घेऊन गेलो. त्याआधी वर्गात दोन दिवस गोष्ट सांगितली होती, आणि ती कशी सांगितली हे जरा सविस्तर लिहितो, कारण प्राथमिक वर्गाला चळवळ समजत नाही असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

सुरुवात बाबासाहेबांपासून केली नाही, एका कागदापासून केली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला की सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले असावेत. ठराव पास झाला. महाडच्या नगरपालिकेनेही ५ जानेवारी १९२४ रोजी आपलं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. मुलांना विचारलं, मग काय झालं असेल? अर्ध्या वर्गाने सांगितलं, सगळे पाणी प्यायला लागले. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "कागदावर लिहिलं म्हणून कोण देतंय?" आमच्या वाडीच्या नळयोजनेचा फलक त्याच्या घरासमोरच आहे.

तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कोणालाच त्या तळ्याचं पाणी मिळालं नाही. मग मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. जमलेल्या माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, गावात भरलेलं तळं असताना. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मी विसरलेलो नाही. आकडे, सनावळ्या, ठराव यांपैकी काहीच मुलांच्या मनात इतकं रुतलं नाही. २० तारखेला बाबासाहेब आणि परिषदेची माणसं ओळीने चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. नंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. तळं 'शुद्ध' करायला गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतल्या. इथे मुलं हसली. मी हसू दिलं.

पुढचा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि माझ्या मते तोच प्राथमिकच्या मुलांना सांगायचा. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, माणसं गोळा झाली, पण विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. आलेली माणसं तळ्यावर जायला अधीर होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. कोर्टाचा मान ठेवायचा आणि कोर्टातच जिंकायचं, असं ठरलं. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळ्यावर फक्त सवर्णांचाच हक्क असल्याची पुरातन रूढी सिद्ध होत नाही, तळं सगळ्यांचं.

म्हणजे एका चळवळीत ठराव आहे, ठरावाचा भंग आहे, चालणं आहे, मार खाणं आहे, थांबणं आहे आणि कोर्ट आहे. 'बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले व समतेचा संदेश दिला' एवढ्या ओळीत ते सगळं गिळलं जातं. मुलांना संदेश नको असतो, पुढे काय झालं ते हवं असतं.

मुलं लहान असतात, त्यांना न्याय-अन्याय कळत नाही, हे ज्यांना वाटतं त्यांनी मधल्या सुट्टीत कोणत्याही शाळेच्या पटांगणात दहा मिनिटं उभं राहावं. राज्य कोणावर, आउट झाला की नाही, बॅट कोणाची म्हणून पहिली बॅटिंग कोणाची, रडीचा डाव कोण खेळतंय, यावर तिथे जो वाद चालतो तसा विधानसभेतही चालत नाही. नियम मोडला तर खेळ बंद पाडायचा, हे मुलांना शिकवावं लागत नाही. त्यांना कळत नाही ते दुसरंच. समोरचा रडीचा डाव खेळतोय असं आपल्याला वाटतं तेव्हा त्याला काय वाटत असतं, हे कळत नाही. ते मोठ्यांनाही कळत नाही म्हणा. पण शाळा ही ते कळण्याची सुरुवात करण्याची जागा आहे, आणि चळवळीचा पाठ त्याला फार उपयोगी पडतो.

पलीकडच्या बाजूचंही थोडं ऐकायला हवं. एक पालक मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही चांगले आहात म्हणून चालतं. तुमच्या जागी कोणी पक्षाचा माणूस आला तर?" हा आक्षेप मी उडवून लावत नाही. दुसरा शिक्षक, दुसरं सरकार, दुसरं पुस्तक. तोच तास प्रचाराचा होऊ शकतो. होतोही. बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळा कर्नाटक सरकारचा अभ्यासक्रम मराठीतून शिकवतात. एक नोव्हेंबरला शाळेत राज्योत्सव, लाल-पिवळा झेंडा, कन्नड एकीकरणाचा गौरव. आणि त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन, ज्यात त्या मुलांच्या घरातली माणसं दंडाला काळी फीत बांधून चालतात. दोन्ही बाजूंना आपापली चळवळ पवित्र. तिसरीतलं मूल सकाळी एका झेंड्याला सलाम करतं आणि दुपारी बापाच्या दंडावरची काळी फीत पाहतं. त्याला तोंड गप्प ठेवायला फार लवकर येतं.

महाराष्ट्रात बसून बेळगावच्या त्या मुलाबद्दल आपल्याला लगेच कळवळा येतो. आपल्या वर्गातल्या तशाच मुलाबद्दल येतो का? हे तपासायला मी एक युक्ती करत असे. पाठ शिकवण्याआधी तो मनातल्या मनात बेळगावला नेऊन पाहायचा. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हा पाठ तिथल्या कन्नड घरातल्या मुलासमोर मला वाचता येईल का? गाळून नव्हे, सौम्य करून नव्हे. मराठी माणसाला काय हवं होतं, का हवं होतं, सरकारचं म्हणणं काय होतं, गोळी कोणी चालवली, काय मिळालं, काय राहिलं, आणि जे राहिलं ते पलीकडच्यांना का सोडायचं नव्हतं, हे सगळं त्यात असेल तर वाचता येईल. नुसता जयजयकार असेल तर नाही.

हरलेल्या चळवळींचं तर नावच नसतं. गोव्यात १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याच्या बाजूने पडली आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या. गोव्यात तो दिवस अस्मिताय दीस म्हणून साजरा होतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती एक लाख अडतीस हजार माणसं कोण होती, त्यांना महाराष्ट्रात का यायचं होतं, हे गोव्यातलं मूलही शिकत नाही आणि सिंधुदुर्गातलंही शिकत नाही. मूल यातून एवढंच उचलतं की जिंकते ती चळवळ आणि हरते ती चूक. हे शिकवण्यापेक्षा काहीच न शिकवलेलं बरं.

काहीच न शिकवण्याची वाटही मोठ्यांनी निवडून पाहिली आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये पुस्तकं हलकी करताना बारावीच्या राज्यशास्त्रातलं लोकचळवळींचं प्रकरण काढलं, ज्यात चिपको होतं, दलित पँथर होती, नर्मदा होती. मतदानाच्या उंबरठ्यावरच्या मुलांपुढून हे उचललं गेलं. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात निदान सामाजिक व राजकीय चळवळींवर एक प्रकरण आलं. पण दहावीत येणारं प्रकरण म्हणजे थोड्या गुणांचा प्रश्न, 'टिपा लिहा'. मूल तोवर मोर्चा म्हणजे रस्ता अडतो एवढं घरी शिकलेलं असतं, किंवा मोर्चात गेलं की नाश्ता मिळतो एवढं.

आणि काही वेळा चळवळ पहिलीच्या वर्गाविषयीच असते. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य झाली, जूनमध्ये त्यात शब्दांची खालीवर झाली, ओरड वाढली, पाच जुलैच्या मोर्चाची हाक गेली, २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि जाधव समिती बसवली. ज्या सहा वर्षांच्या पोरांवरून हे सगळं झालं त्यांना यातलं कोणी काही सांगितलं? मी या प्रश्नात मराठीच्याच बाजूचा आहे, लपवत नाही. पण माझ्या तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर आणि कंपन्यांच्या चाळींत उत्तरेकडून आलेल्या घरांची मुलं आमच्याच शाळांत मराठीतून शिकतात. त्यांच्यातली एक माझ्या वर्गात होती, पाढे सगळ्यांत आधी पाठ करायची. तिच्या देखत हा विषय ज्याला मांडता येईल त्यानेच तो शाळेत मांडावा.

म्हणून मी स्वतःपुरती एक रेघ आखली होती. चालू आंदोलनाची घोषणा वर्गात द्यायची नाही. वर्गणी नाही, बिल्ला नाही, मुलांना मोर्चात न्यायचं नाही, त्यांचा फोटो काढून कुठे टाकायचा नाही. आमच्याच संपाच्या फलकासाठी मुलांकडून चित्रं काढून घ्यावीत असं कोणी सुचवलं होतं, त्यालाही मी नकार दिला. मुलांनी विचारलं तर मात्र सांगायचं, संपाबद्दल सांगितलं तसं, आपली बाजू आपली म्हणूनच सांगायची.

शिरीषकुमारच्या बाबतीत मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, हातात तिरंगा, पोलिसांची गोळी, सोबतची आणखी चार मुलं. ही गोष्ट सांगताना वर्गातली मुलगे-मुली ताठ होऊन बसतात. डोळे चमकतात. मला त्या चमकण्याचीच धास्ती वाटते. गोष्ट खरी आहे, ती झाकायची नाही. पण 'तुम्हीही असेच व्हा' हे वाक्य नऊ वर्षांच्या मुलांपुढे माझ्या तोंडून कधी निघालं नाही. भाषण स्पर्धेसाठी कोणी ते लिहून आणलं तर मी खोडत असे, आणि त्यावरून एकदा एका पालकांशी चांगलंच वाजलं.

तर चवदार तळं. मुलं पायऱ्यांवर रांगेत बसली होती, डबे उघडले होते. मी पुन्हा एकदा सगळं थोडक्यात सांगितलं. तेव्हा चौथीतल्या एका मुलाने भाकरीचा घास हातातच ठेवून विचारलं, "गुरुजी, ते मारणारे लोक कुठले होते? लांबचे?"

मी म्हटलं, "नाही रे. इथलेच. या गावातले, आसपासचे."

"आणि पाणी प्यायला आलेले?"

"तेही इथलेच, जिल्ह्यातले. आणि त्यांना साथ देणारे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीसही इथलेच. ते काही अस्पृश्य नव्हते."

"मग आमचे पणजोबा कुठल्यात होते?"

त्या मुलांत दोन्हीकडची घरं होती. मला ती माहीत होती, मुलांना नव्हती, किंवा होती आणि तसं म्हणायचं नसतं हे माहीत होतं. मी म्हटलं, घरी जाऊन विचार. मग सगळ्यांनाच सांगितलं, विचारून या.

दुसऱ्या दिवशी तिघांनी विचारून आणलं. एकीची आजी म्हणाली होती की तिचा सासरा तिथे चालत गेला होता आणि येताना डोक्याला टाके घालून आला. एकाच्या घरी सांगितलं की आपल्याकडे असलं कधी काही नव्हतंच. आणि तो प्रश्न विचारणारा मुलगा म्हणाला, "आजोबा कायच बोलले नाय. टीव्ही मोठा केला." मग तो त्या मुलीशेजारी जाऊन बसला आणि तिला विचारायला लागला, टाके किती होते.